माझ्या नावावरच्या चादरी

मिरजेच्या एका रुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डात, चादरींच्या कपाटाशेजारी भिंतीत एक खिळा आहे. त्या खिळ्याला माझं कार्ड टांगलेलं आहे. कार्डावर माझा फोटो आहे. फोटो काढणाऱ्याने दोनदा “मॅडम, जरा हसा,” म्हटलं होतं आणि मी हसले नव्हते, त्यामुळे त्या वॉर्डात जो कुणी दुखणं घेऊन येतो त्याला आधी माझ्या कपाळावरच्या आठ्या दिसत असणार. हे कार्ड तिथे कसं गेलं ते सांगायचं तर मला पुन्हा एकदा तीन माणसांवर चिडावं लागेल. त्यातली एक मीच आहे.

मी वडूजची. आमच्या भागात पाणी कमी आणि तोंड फार. वडील फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे घरात आवाज चढवून बोलणं हेच साधं बोलणं. सांगलीबाहेरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे दर जूनमध्ये कराराच्या कागदावर सही करते आणि पुढच्या मेपर्यंत नोकरी आहे असं धरून चालते. कायम व्हायचं तर डॉक्टरेट हवी, आणि डॉक्टरेट हवी तर गाइड हवा. मला मिळाले ते साताऱ्याचे. बोलणं मऊ, शर्टाची बाही कधी दुमडलेली नाही, आणि स्वभाव नाकाने कांदे सोलणारा. पहिल्याच भेटीत मी “सर, मला जमंल हे,” म्हणाले, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि “जमेल,” असं शांतपणे दुरुस्त केलं. तेव्हा मी ओशाळले होते. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

माझा विषय सांगायला लागले की माणसं घड्याळाकडे बघतात, म्हणून थोडक्यात सांगते. वस्तूला एक छोटा टॅग लावायचा. त्यात बॅटरी नसते. भिंतीवरच्या अँटेनातून रेडिओ लहरी सुटतात, त्या लागल्या की टॅग आपला नंबर सांगतो. वस्तूला हात न लावता, तिच्याकडे न बघता, ती कुठे आहे हे कळतं. याला आरएफआयडी म्हणतात. हा झाला अर्धा विषय. उरलेला अर्धा असा, की हीच सोय ग्रंथालयाला हवी असते, गोठ्याला हवी असते, रुग्णालयालाही हवी असते, मग दर वेळी नवं सॉफ्टवेअर कशाला लिहायचं? कणीक एकदाच मळावी, मग कुणाला पोळी, कुणाला पुरी, कुणाला चकोल्या. अशा एका कणकेतून निघालेल्या सॉफ्टवेअरांना प्रॉडक्ट लाइन म्हणतात, आणि कणकेला आम्ही गाभा म्हणायचो. सगळीकडे सारखं असतं ते गाभ्यात, बदलतं ते बाहेर. माझ्या प्रबंधाचा दावा एका वाक्यात मावत होता: पाच ठिकाणी पाच उत्पादनं चालवली आणि गाभ्याच्या एकाही ओळीला हात लावावा लागला नाही.

पहिलं ठिकाण आमचंच ग्रंथालय. गाभा मी तिथे बसून लिहिला. त्यातला मुख्य नियम असा की प्रत्येक वस्तू कायम कुणाच्या तरी नावावर असलीच पाहिजे. पुस्तक कपाटात असेल तर ग्रंथपालाच्या नावावर, बाहेर असेल तर नेणाऱ्याच्या, आणि सापडत नसेल तर ज्याच्या हातात ते शेवटचं होतं त्याच्या. नावाचा रकाना रिकामा राहूच शकत नाही, तशी मी सोयच ठेवली नव्हती. या नियमाचा मला फार अभिमान होता, कारण पहिल्याच महिन्यात सगळ्या विभागांतले पुस्तकबुडवे उघडे पडले. खुद्द सरांच्या नावावर अकरा पुस्तकं निघाली. सर म्हणाले, “नियम उत्तम आहे,” आणि दोनच परत केली.

मग वर्कशॉपमधली हत्यारं झाली, वसतिगृहातल्या गाद्या झाल्या, एका दूधवाल्याचा गोठा झाला. गाभा जागचा हलला नाही. पाचवं ठिकाण मिरजेचं रुग्णालय. तिथल्या चादरी गायब होत होत्या आणि तिथल्या व्यवस्थापकांना त्या कोण नेतं ते हवं होतं.

व्यवस्थापक हा माझ्या रागाचा दुसरा मानकरी. गळ्यात दोरीला चष्मा, टेबलावर तीन रंगांची पेनं, आणि फॉर्ममध्ये रकाना रिकामा दिसला की माणूस बेचैन. त्यांना मी डेमो दिला. डेमो देताना आपण जे बोलतो ते नंतर आपल्यालाच ऐकवलं जातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी छाती पुढे काढून म्हणाले, “माणूस खोटं बोलेल सर, सिस्टिम खोटं बोलत नाही.” त्यांनी ते हिरव्या पेनाने लिहून घेतलं.

चादरींना टॅग शिवायचं काम पुरुषांच्या वॉर्डापासून सुरू झालं आणि तिथे मला मावशी भेटल्या. मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया. काष्ट्याचं लुगडं सोडून सरकारी निळी साडी नेसायला लागल्याला पंचवीस वर्षं झाली असं त्या सांगायच्या. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज माझ्याहून मोठा. मी टॅग चादरीच्या कोपऱ्यावर वरून शिवत होते. त्यांनी सुई हातातून काढूनच घेतली.

“आसं न्हाई. दुमडीत घाल. न्हाईतर म्हातारी माणसं रातभर खाजवत बसतील. कुणी शिकवलं गं तुला शिवायला?”

“कुणी नाही, मावशी.”

“ते दिसतंयच.”

चार दिवस आम्ही दोघी शिवत बसलो. शेवटी नोंदीसाठी त्यांच्या गळ्यात कार्ड घातलं. कपाटातून चादरी काढल्या की कार्ड यंत्राला टेकवायचं, म्हणजे चादरी त्यांच्या नावावर. मळल्या की धोब्याकडे, म्हणजे धोब्याच्या नावावर. दारातून फक्त धोब्याच्या नावावरची चादर गुपचूप जाणार. दुसरी कुठली गेली की भोंगा. मी ग्रंथालयाची कणीक घेऊन रुग्णालयाची पोळी लाटली होती.

आणि एक सुधारणा केली. वॉर्डात पूर्वी एक वही असायची. अधूनमधून तिच्यात एखाद्या चादरीपुढे ‘फाटली’ असं लिहिलेलं असायचं, एवढंच. कुणी, कधी, कशी, काही नाही. मी वही बंद केली. यापुढे फाटलेली चादर व्यवस्थापकांना प्रत्यक्ष दाखवायची, तरच ती बाद. मावशींनी विचारलं, “आनि दाखवायलाच ऱ्हायली न्हाई तर?” मी म्हणाले, “तसं कसं होईल?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

चार महिन्यांनी अहवाल निघाला. सतरा चादरी वॉर्डात नव्हत्या, धोब्याकडे नव्हत्या, दारातून गेल्याची नोंद नव्हती. सतराच्या सतरा मावशींच्या नावावर होत्या.

व्यवस्थापकांनी त्यांना खोलीत बोलावलं. मलाही बोलावलं, तज्ज्ञ म्हणून. मावशी उभ्या होत्या आणि मी खुर्चीत बसले होते, हे मला आजही नीट आठवतं.

“चादरी कुठे गेल्या?”

“गेल्या.”

“कुठे?”

“माणसांबरूबर गेल्या सायेब. ज्ये गेलं त्येंच्या अंगावर गेल्या.”

वॉर्डात माणूस दगावला की त्याला त्याच्याच पलंगावरच्या चादरीत गुंडाळतात आणि नातेवाईक तसंच गाडीत घालून नेतात. ती चादर परत मागायची नाही. अशी रीत होती, कुणी लिहिलेली नव्हती; जुन्या वहीत अशा चादरीपुढे ‘फाटली’ एवढंच पडायचं. व्यवस्थापकांनी नियमांची फाइल उघडून दाखवली. त्यात लिहिलं होतं की मृतदेह नातेवाइकांनी आणलेल्या कपड्यात द्यावा आणि रुग्णालयाची चादर काढून घ्यावी. “काढून घेता का?” त्यांनी विचारलं. मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, तुमची सिस्टिम काय म्हणते?”

इथे मी मावशींच्या बाजूने बोलायला पाहिजे होतं. मी म्हणाले, “सिस्टिममध्ये नाव तुमचंच दिसतंय, मावशी.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. सुई हातातून काढून घेताना पाहिलं होतं तसं नाही. व्यवस्थापकांनी लाल पेन उचललं आणि चौकशीची तारीख टाकली, पुढच्या गुरुवारची. चौकशीत दोष निघाला तर त्याच दिवसापासून कामावरून कमी.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण व्यवस्थापकांनी जाता जाता एक काडी घातली, “बाकी मॅडम, दारातून गेल्या असतील तर तुमचा भोंगा का नाही वाजला?” हे मला झोंबलं. एका बाईला चोर ठरवलं जात होतं आणि मला झोंबलं ते माझ्या अँटेनावर बोट ठेवलं म्हणून. मी दोन दिवस दारात ठिय्या दिला आणि कारण शोधलं. माणसाच्या शरीरात पाणी असतं आणि पाणी या लहरी गिळून टाकतं. चादरीची किनार अंगाखाली गेली की टॅगचा आवाज बाहेर येत नाही. मी गुडघ्याच्या उंचीवर आणखी एक अँटेना बसवला, तिरका, खालून वर बघणारा. पाण्याची पिशवी चादरीत गुंडाळून चाचणी घेतली. भोंगा खणखणीत वाजला. मी खूश होऊन सरांना मेसेज केला. ते तेव्हा वडिलांना तपासून घ्यायला मिरजेलाच घेऊन आले होते. साताऱ्याहून महिन्यातून दोनदा त्यांची खेप असायची. त्यांनी अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी दाराजवळच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. जतकडचं एक कुटुंब म्हातारा घेऊन बाहेर निघालं. पाच-सहा पुरुष, मागे बायका, स्ट्रेचरच्या बाजूला मावशी. दारात आले आणि भोंगा वाजला.

तो भोंगा मी निवडला होता. ग्रंथालयात मुलं गोंगाट करतात म्हणून मोठ्या आवाजाचा घेतला होता. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. पहारेकऱ्याने नेमून दिल्याप्रमाणे हात आडवा घातला आणि म्हणाला, “चादर हाय वाटतं दवाखान्याची. काढून द्यावी लागंल.”

म्हाताऱ्याचा मुलगा पुढे होता. चाळिशीचा, डोळे सुजलेले. त्याला आधी कळेना. मग कळलं. त्याने बापाच्या अंगावरची चादर सोडवायला घेतली. पायाकडून सोडवली, मान उचलून खालून काढली आणि पहारेकऱ्याच्या अंगावर फेकली. “घ्या. घ्या तुमची चादर. चोर न्हाई आमी.” म्हातारा धोतरावर आणि उघड्या अंगाने भर दारात पडला होता. येणारेजाणारे बघत होते. भोंगा चालूच होता आणि तो बंद करायची कळ माझ्या समोर होती, आणि माझा हात उठेना.

मावशींनी चादर उचलली. झटकली. दोन्ही बाजूंनी नीट खोचून म्हाताऱ्याला पांघरली, अगदी मानेपर्यंत, थंडी वाजू नये अशी. मग पहारेकऱ्याला म्हणाल्या, “हात काढ. चादर माज्या नावावर हाय. जाऊ द्या त्येंना.”

गाडी गेली. मी कळ दाबली. मावशी माझ्या खोलीवरून पुढे गेल्या तेव्हा त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन केला. का केला ते मला माहीत होतं आणि त्याचं उत्तरही माहीत होतं. आमचे थोरले चुलते मिरजेच्याच रुग्णालयात वारले होते. मी कॉलेजात होते तेव्हा. जीपमध्ये मागे त्यांना ठेवलं होतं आणि वडूजपर्यंत त्यांच्या अंगावरची चादर वाऱ्याने उडू नये म्हणून तिची किनार मी मुठीत धरून बसले होते. निळ्या काठाची चादर. काठावर रुग्णालयाचा शिक्का होता, माझ्या अंगठ्याखाली.

“आप्पा, काकांना आणलं तेव्हाची ती चादर कुठे गेली?”

“कुठं जाणार? त्येंच्यासंगं गेली.”

“परत नाही दिली आपण?”

त्यांचा फौजी आवाज आला. “खुळी का काय तू? मढ्याच्या अंगावरचं कुणी माघारी देतं व्हय? आनि मागतं तरी कोन?”

मला सगळं ठाऊक होतं. वडूजच्या मुलीला ठाऊक होतं, प्रबंध लिहिणारीला नव्हतं. काही वस्तू कुणाच्याच नावावर राहत नाहीत, त्यांचा रकाना रिकामाच असतो, एवढी साधी गोष्ट मी गाभ्यात ठेवायला विसरले होते, कारण गाभा मी ग्रंथालयात बसून लिहिला होता आणि पुस्तकं मरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांच्या केबिनमध्ये गेले. मी म्हणाले, गाभा बदलायला हवा. वस्तू कुणाच्याही नावावर नसण्याची सोय करायला हवी. दोन दिवसांचं काम आहे.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मऊ आवाजात म्हणाले, “मॅडम, गाभा बदलला तर तुमच्या प्रबंधात उरतं काय?”

“सर, तिथे एका बाईची नोकरी जातेय.”

“ते दुर्दैवी आहे. पण तो रुग्णालयाचा अंतर्गत प्रश्न आहे. प्रबंध सादर करायला तीन आठवडे राहिलेत. नंतर काय तो बदल करा, त्यावर स्वतंत्र पेपर होईल.”

“तिची चौकशी गुरुवारी आहे.”

“तुम्ही फार भावनेच्या आहारी जाता,” असं म्हणून त्यांनी गाभ्याची फाइल आपल्या नावाने कुलूपबंद केली. माझ्या डोळ्यांदेखत. केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. मिरजेच्या त्या दारात पाच मिनिटं उभा राहिला असता तर मी त्याला माफ केलं असतं. मी दार आपटून बाहेर आले. ते दार हायड्रॉलिकचं होतं, आपटलंही नाही.

मी व्यवस्थापकांकडेही गेले. म्हटलं, चूक माझी आहे, मावशींची नाही. मी स्वतः ही सिस्टिम लिहिली आहे आणि मी सांगते की ती चुकते आहे. त्यांनी चष्मा लावला, वही मागे उलटली, आणि मला हिरव्या पेनातलं माझंच वाक्य वाचून दाखवलं. “मॅडम, माणूस खोटं बोलेल, सिस्टिम खोटं बोलत नाही. आता तुम्ही माणूस म्हणून आलात.”

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. इथे तर चोर नव्हताच. मी बसच्या थांब्यावर उभी राहून सांगलीला जाणाऱ्या तीन गाड्या सोडल्या. मग डोक्यात आलं. गाभ्याला हात लावता येत नव्हता, पण गाभ्यात एक जुनी सोय होती. ग्रंथालयातला एखादा प्राध्यापक नोकरी सोडून गेला की त्याच्या नावावरची पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर करायची. त्याला लागतं काय, तर घेणाऱ्याचं कार्ड आणि सिस्टिम बसवणाऱ्याचा पासवर्ड. दोन्ही माझ्याकडे होतं.

गुरुवारी दहा वाजता व्यवस्थापकांच्या खोलीत मावशी उभ्या होत्या. या वेळी मीही उभी राहिले. व्यवस्थापकांनी ताजा अहवाल काढला. मावशींच्या नावापुढे शून्य. त्यांनी पुन्हा काढला. मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

“मॅडम, या चादरी तुमच्या नावावर?”

“सगळ्या. परवाची धरून अठरा.”

“तुम्ही नेल्या?”

“सिस्टिम खोटं बोलत नाही, सर.”

मी हे अगदी त्यांच्या तोंडावर म्हणाले आणि मला फार बरं वाटलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग विचारी झाला. हा माणूस दुष्ट नव्हता, तेवढी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नव्हती. त्याला रकाना भरलेला हवा होता. त्यात कुणाचं नाव आहे याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. त्याने माझ्याकडून लिहून घेतलं की या आणि यापुढे अशा रीतीने जाणाऱ्या सर्व चादरींची जबाबदारी माझी. मी सही केली. वर त्याने महाविद्यालयाला पत्र पाठवलं, प्रत माहितीसाठी. आणि मी माझं कार्ड, बाहेर न्यायची परवानगी असलेलं, वॉर्डातल्या खिळ्याला टांगलं. माणूस गेला की मावशींनी चादर यंत्राजवळ धरून ते कार्ड टेकवायचं, म्हणजे ती माझ्या नावावर, आणि दारात भोंगा गप्प.

मावशी आभार मानतील असं मला वाटत होतं. आपण किती हलके असतो बघा. कार्ड टांगताना त्या शेजारी उभ्या होत्या.

“आदी चोर केलंस. मग सोडवलंस. सोडवायची पाळीच का आणलीस?”

मावशी चादरींच्या घड्या घालायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “खिळा खाली हाय. वर ठोक. हात लागून पडंल.” मी वर ठोकला.

सरांनी पत्र वाचलं आणि मला बोलावलं. एवढ्या मऊ आवाजात मी कधी कुणाला ओरडताना ऐकलं नव्हतं. संशोधकाने स्वतःचं नाव प्रयोगाच्या नोंदींत घुसवलं, म्हणजे प्रयोग नासला. पाचवं उत्पादन प्रबंधातून बाद. चार उत्पादनांवर दावा टिकत नाही, म्हणून प्रबंध परत. प्रगती अहवालावर त्यांनी ‘असमाधानकारक’ असा शेरा मारला, सुंदर अक्षरात. मला जास्त राग याचा येतो की प्रयोग नासला हे त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी अजूनही जूनमध्ये करारावर सही करते.

रुग्णालयात मात्र जावं लागायचं, कारण यंत्रं माझी होती. गेल्या उन्हाळ्यात दारातला खालचा अँटेना अधूनमधून बंद पडायला लागला, म्हणून एका दुपारी मी तिथल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. आतून स्ट्रेचर येताना दिसलं. बाजूला मावशी. पुढे सर.

त्यांच्या वडिलांना महिनाभर तिथे ठेवल्याचं मला स्टाफरूममध्ये कळलं होतं. मी भेटायला गेले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदाच सरांच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या दिसल्या, एक कोपरापर्यंत, एक त्याहून वर. ते दारापाशी आले आणि थबकले. आधी वरच्या अँटेनाकडे पाहिलं, मग खाली वाकून गुडघ्याजवळच्याकडे. दोन्ही कशासाठी आहेत ते त्यांना माहीत होतं, माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण त्यांनीच तपासलं होतं. मागचे लोक खोळंबले. सरांचा हात वडिलांच्या खांद्याजवळच्या चादरीच्या काठाकडे गेला आणि मला वाटलं, हे आता काढतील. नियमाचा माणूस. पण त्यांनी तो काठ नुसता मुठीत धरला आणि तसेच उभे राहिले, भोंगा वाजायची वाट बघत.

मी उठून दारात गेले. माझा राग कुठे गेला नव्हता, तो तिथेच होता.

“चला सर,” मी म्हणाले, “नाही वाजणार.”

ते माझ्याकडे न बघता पुढे गेले. काठ त्यांच्या मुठीतच होता. मागोमाग स्ट्रेचर गेलं, गाडीचं दार लागलं, गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली. मी खोलीत परत आले तेव्हा स्क्रीनवर एक नवी ओळ आली होती: चादरीचा नंबर, वेळ, माझं नाव.

प्रबंधाबद्दल सर अजून बोललेले नाहीत. साताऱ्याहून चादर परत आलेली नाही, आणि मी मागितलेली नाही.